संगणकाचे बियाणे

आज मी आपल्याशी संगणकाविषयी बोलणार आहे. पण संगणक कसा चालवावा याविषयी नव्हे. ते आता मुरबाड-शहापूरकडच्या शाळेतले चौथीचे पोरही आपल्याला शिकवील. मला बोलायचे आहे ते एका मागणीविषयी. संगणक ज्या प्रणालीवर चालतो, ती प्रणाली पुन्हा घडवायची वेळ आली तर जे साहित्य लागते, ते आपण वेळीच मागून घ्यावे आणि जपून ठेवावे, एवढेच माझे सांगणे आहे.

मी संगणकशास्त्राचा पदवीधर नव्हे. एम. ए. झालो आणि कल्याणच्या बाजूला एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. जुन्या पोथ्या, त्यांच्या नकला, त्यांतले पाठभेद हा आमचा विषय. पण या विषयातला माणूस संगणकाच्या प्रश्नाकडे पाहू लागला की त्याला त्यात बरेच ओळखीचे दिसते. ते कसे, ते पुढे सांगतो.

प्रथम प्रश्न काय आहे तो पाहू. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या विंडोज 10 या प्रणालीला नेहमीचा विनामूल्य आधार देणे थांबवले. पुढची विंडोज 11 घालावी, तर तिला टीपीएम नावाची सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. शाळेतली जुनी यंत्रे या परीक्षेत नापास होतात. म्हणजे पाहा, पडदा चांगला, कळफलक चांगला, यंत्र धडधाकट. पण त्याला चालवणारी प्रणाली मात्र निवृत्त झालेली! मग कोणी माजी विद्यार्थी डोंबिवलीहून किंवा ठाण्याहून सुट्टीच्या दिवशी येतो आणि म्हणतो, "गुरुजी, यंत्र भंगारात घालू नका. मी लिनक्स घालून देतो. पैसे पडत नाहीत." तो घालून देतो, यंत्र चालू लागते, सगळ्यांना आनंद होतो.

आनंद योग्यच आहे. पण फुकट मिळाले एवढ्यावर आपण थांबतो, आणि तिथेच अर्धे काम राहते.

ते अर्धे काम समजण्यासाठी संगणकाची आज्ञावली कशी तयार होते ते थोडक्यात ध्यानात घेतले पाहिजे. माणूस ती आधी माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितो. तिला इंग्रजीत सोर्स कोड म्हणतात. आपण मूळ संहिता म्हणू. मग कंपायलर नावाची दुसरी आज्ञावली त्या संहितेचे यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत रूपांतर करते. संगणकात जे चालते ते हे रूपांतर. ते चालते झकास, पण वाचायला गेलात तर हाती नुसती शून्ये आणि एक. आता आपल्या वाड्याचा कोलम घ्या. ताटातला भात पोट भरतो, यात शंका नाही. पण शिजलेला भात शेतात पेरता येत नाही. पुढच्या पावसाळ्यात पेरायचे असेल तर कणगीत बी राखलेले पाहिजे. यंत्रातली तयार प्रणाली म्हणजे शिजलेला भात, आणि मूळ संहिता म्हणजे बी. संहितेपासून तयार प्रणाली होते; उलट वाटेने मूळ संहिता जशीच्या तशी परत मिळत नाही.

आता माझ्या विषयाकडे वळतो. संत एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इसवी सन 1584 साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तोवर ग्रंथ होऊन जवळजवळ तीनशे वर्षे लोटली होती. नकलेमागून नकला होत गेल्या, नकलाकारांच्या हातून शब्द बदलले, पदरची भर पडली. नाथांना ते शुद्ध करता आले, कारण लोकांनी पोथ्या उतरवून घेतल्या होत्या आणि जपल्या होत्या. तेव्हाच्या लोकांनी ज्ञानेश्वरी केवळ कानांनी ऐकली असती आणि प्रत ठेवली नसती, तर नाथांसारखा अधिकारी पुरुष तरी काय करता? दुरुस्ती करणारा शहाणा माणूस पुढे कधीतरी जन्माला येतो. त्याच्यासाठी प्रत राखण्याचे काम मात्र त्याच्या आधीच्या साध्यासुध्या माणसांना करावे लागते.

संगणकाच्या क्षेत्रात हा विचार एका क्षुल्लक अडचणीतून पुढे आला. 1980च्या सुमारास अमेरिकेत एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे गृहस्थ काम करीत होते. तिथल्या छपाईयंत्रात कागद अडकत असे. जुन्या यंत्राची संहिता हाती होती, तेव्हा त्यांनी तीत सुधारणा करून घेतली होती; कागद अडकला की ज्यांचे काम खोळंबले त्यांच्या पडद्यावर सूचना येई. मग झेरॉक्स कंपनीचे नवे यंत्र आले. त्याची संहिता मिळेना. ज्या दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसाकडे ती होती त्याने, देणार नाही असा करार केला आहे, म्हणून नकार दिला. यंत्र नवे, वेगवान. पण कागद अडकला तर सुधारणा करण्याची सोय नाही. स्टॉलमन यांनी 1983 साली ग्नू या मुक्त कार्यप्रणालीची घोषणा केली, आणि 1989 साली तिच्यासाठी एक परवाना लिहिला. त्याला जीपीएल म्हणतात. 1991 साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, आणि पुढच्या वर्षी तोही याच परवान्याखाली आणला. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा हा लिनक्सच आहे.

हा परवाना नेमके काय सांगतो? याविषयी शिकलेल्या लोकांतही गैरसमज आहे. पुष्कळांना वाटते की, संहिता चव्हाट्यावर मांडून ठेवलीच पाहिजे असा नियम आहे. तसे नाही. लिनक्सच्या गाभ्याला लागू असलेली 1991ची आवृत्ती म्हणते की, ज्याला तुम्ही तयार आज्ञावली दिलीत त्याला तिची मूळ संहिता सोबत द्या. किंवा मागेल त्याला देऊ असे लेखी वचन सोबत द्या, आणि ते वचन निदान तीन वर्षे पाळा. संहिता पाठवण्याचा प्रत्यक्ष खर्च घ्या, त्यापेक्षा जास्त घेऊ नका. आणि संहिता म्हणजे नुसती मुख्य पाने नव्हेत. ती बांधण्यासाठी आणि यंत्रात बसवण्यासाठी ज्या सूचनापत्रिका वापरल्या, त्याही आल्या. सगळ्याच परवान्यांत अशी अट असते असे नाही, हेही सांगितले पाहिजे. पण जिथे ती आहे तिथे हक्क आहे तो घेणाऱ्याचा. आणि घेणाऱ्याने मागितलेच नाही, तर तो हक्क कागदावर राहतो.

मागितल्याने काय होते याचे एक उदाहरण देतो. 2003 साली लिंकसिस कंपनीचा घरगुती इंटरनेटचा एक राउटर बाजारात होता. आत लिनक्स आहे हे जाणकारांनी ओळखले आणि संहिता मागितली. कंपनीने ती दिली. त्या संहितेच्या आधारावर 2004 साली ओपनडब्ल्यूआरटी नावाचा प्रकल्प उभा राहिला, आणि आज तो असंख्य प्रकारच्या राउटरांना नवे आयुष्य देतो आहे. मूळ यंत्र केव्हाच बाजारातून गेले. संहिता मात्र राहिली.

आणि वेळीच घेतले नाही तर काय होते, हे अलीकडच्या एका प्रकरणातून दिसते. ते जरा सविस्तर सांगतो.

रेड हॅट ही अमेरिकन कंपनी. तिचे कार्यालय आपल्या पुण्यातही आहे. मोठ्या संस्थांसाठी ती लिनक्सची एक भक्कम आवृत्ती तयार करते, आणि तिच्याबरोबर तपासणी, दुरुस्ती, सल्ला अशी सेवा वर्गणी घेऊन पुरवते. तिची संहिता सर्वांना खुली असे. 2004 पासून काही मंडळी ती संहिता घेत, तिच्यातून कंपनीचे नाव आणि बोधचिन्ह काढीत, ती पुन्हा बांधीत, आणि सेंटओएस या नावाने फुकट देत. जगभरच्या विद्यापीठांनी आणि लहानमोठ्या कंपन्यांनी ती वापरली. 2014 साली हे काम रेड हॅटच्याच छत्राखाली गेले. 2020च्या डिसेंबरात कंपनीने जाहीर केले की, या स्वरूपातले सेंटओएस बंद होणार. आठवी आवृत्ती 2029पर्यंत चालेल असे लोक धरून चालले होते. ती 31 डिसेंबर 2021 रोजीच थांबली.

मग रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स अशा दोन नव्या प्रणाली पुढे आल्या, त्याच संहितेवर पुन्हा बांधलेल्या. पण 21 जून 2023 रोजी कंपनीने आणखी एक गोष्ट जाहीर केली. सर्वांना खुली राहील ती फक्त सेंटओएस स्ट्रीम या चालू प्रवाहाची संहिता. जी आवृत्ती ग्राहकांना दिली जाते, तिची नेमकी संहिता ग्राहकांना त्यांच्या खात्यातून मिळेल.

कंपनीचे म्हणणे असे की, आम्ही माणसे लावून काम करतो आणि सुधारणा मूळ प्रकल्पांना परत देतो. आमचीच संहिता जशीच्या तशी बांधून वाटणाऱ्यांनी त्यात काही भर घातलेली नसते. विरोधकांचे म्हणणे असे की, संहिता वाटण्याचा हक्क परवान्याने दिलेला आहे; पण तो वापरणाऱ्या ग्राहकाची वर्गणी थांबू शकते असे करारात असेल, तर त्या हक्काला काय अर्थ उरला? यावर जाणकारांत मतभेद आहेत, आणि त्यांचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. मला दाखवायचे आहे ते पुढे काय झाले ते. अल्मालिनक्सने ओळीला ओळ जुळवण्याचा आग्रह सोडला आणि एकीवर चालणारी आज्ञावली दुसरीवर चालावी एवढे ध्येय ठेवले. रॉकी लिनक्सच्या मंडळींनी संहिता मिळवण्याच्या दुसऱ्या वाटा शोधल्या. त्यांतली एक वाट ऐकण्यासारखी आहे. तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या दूरच्या संगणकावर ती प्रणाली चालवायची; म्हणजे आपण तिचे रीतसर घेणारे ठरतो, आणि घेणाऱ्याला संहिता मिळतेच!

ही खटपट त्यांना जमली, कारण त्यांच्याजवळ मनुष्यबळ होते, पैसा होता. आपल्या शाळेला ती जमणार नाही. आपल्याला साधेल ते एवढेच की, दार उघडे आहे तोवर आत जाऊन आपला वाटा घेऊन ठेवायचा.

आता हा वाटा केवढा असतो? पुष्कळांना त्याची भीती वाटते. लिनक्सच्या गाभ्याच्या संहितेत तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. पण आवळून बांधलेल्या स्वरूपात ती सगळी सुमारे दीडशे एमबी भरते; मोबाइलवरच्या एखाद्या लग्नाच्या चित्रफितीएवढी. अर्थात गाभा म्हणजे सगळी प्रणाली नव्हे. डेबियन ही 1993 साली सुरू झालेली, स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्स प्रणाली घ्या. तिच्या आजच्या आवृत्तीत साठ हजारांहून अधिक आज्ञावली-संच आहेत. त्यांतले शाळेला लागतात ते थोडे. आणि डेबियनची रीत अशी आहे की, तयार संच जिथून मिळतो तिथूनच त्याची मूळ संहिता, डेबियनने केलेले फेरफार आणि बांधण्याची कृती मिळते. संगणकाच्या यादीत एका ओळीची भर घातली की पुढे नाव सांगाल त्या संचाची संहिता उतरून येते. सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेने याच डेबियनच्या आधारे बॉस, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टम सोल्युशन्स, ही प्रणाली 2007 साली आणली. तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. दुसऱ्याची संहिता हाती होती, म्हणूनच आपल्याला आपली प्रणाली बांधता आली.

मात्र घेताना पूर्ण घ्यायचे. स्वयंपाकाचे जसे असते ना, डाळ-तांदूळ घरात आहेत पण प्रमाण ठाऊक नाही, तर पुरणपोळी होत नाही. संहिता, तिच्यावर केलेले फेरफार, कोणते पर्याय निवडले त्याची टिपणी, कोणत्या आवृत्तीच्या कंपायलरने बांधली त्याची नोंद, आणि बांधण्याचा क्रम, हे सगळे एकत्र पाहिजे. यांतले एक जरी हरवले तरी काम अडते.

या पूर्णपणाला आणखी एक कारण आहे. 2024च्या मार्च महिन्यात आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले की, दूरच्या यंत्रात प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा उशीर होतो आहे. त्याने मूळ शोधले, तेव्हा एक्सझेड नावाच्या छोट्या पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीत कोणी चोरवाट बसवल्याचे उघड झाले. ती चोरवाट जागी करणारा तुकडा लोकांसमोरच्या संहितेत नव्हताच. प्रकाशित केलेल्या गठ्ठ्यातल्या बांधणीच्या पत्रिकेत तो घुसवलेला होता. म्हणजे नकलाकाराने पदरची ओळ घातली, तीही मजकुरात नव्हे, पोथीच्या बांधणीत! संहिता आणि कृती दोन्ही हाती असली आणि कोणी ती पुन्हा बांधून पाहिली, तरच अशी लबाडी पकडली जाते.

कोणी म्हणेल, "सर, आम्हाला त्यातले काय कळते? ठेवून काय करणार?" अहो, सातबाऱ्याच्या उताऱ्यामागचा कायदा आपल्याला कुठे कळतो? तरी आपण तो पत्र्याच्या पेटीत नीट घडी घालून ठेवतो. वेळ येते तेव्हा वकील तो वाचतो. पण वकिलाला वाचायला कागद तर पाहिजे! संहितेचेही तसेच आहे. प्रत्येक गुरुजींना ती वाचता यावी असे नाही. तालुक्यात एखादा वाचणारा निघाला तरी पुरे. आपल्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून रोज हजारो मुलेमुली ऐरोलीला, मुंबईला संगणकाच्या कंपन्यांत लोकलने जातात. वाचणारे आपल्यात आहेत. त्यांच्यापुढे ठेवायला बी पाहिजे.

आणि यात आपल्या भाषेचाही प्रश्न आहे. मराठीचा ल आणि मराठीचा श हिंदीच्या वळणाहून निराळा. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009च्या निर्णयाने मराठी वर्णलेखनाचे वळण ठरवून दिले. तरी संगणकाच्या पडद्यावर ते पुष्कळदा हिंदी वळणाचेच उमटते. 'दऱ्या' हा शब्द काही ठिकाणी 'दर्या' असा उमटतो, आणि डोंगरातल्या दरीचा समुद्र होतो! अक्षरांची संहिता ज्याने झाकून ठेवली आहे त्याच्याकडे अर्ज करीत बसावे लागते. रेड हॅटनेच 2004 साली लोहित या नावाने भारतीय लिप्यांची अक्षरे संहितेसह मुक्त केली. अशा अक्षरांत मराठीचे वळण आणायचे तर परवानगी कोणाची मागायची नाही. बसायचे आणि दुरुस्त करायचे. आपल्या मुलांनी 'शाळा' हा शब्द कोणत्या वळणाने वाचावा, हे ठरवण्याचा अधिकार आपल्या हाती राहावा की नाही?

तर आता करायचे काय? चार गोष्टी सांगतो.

पहिली. शाळेत कोणी मुक्त प्रणाली घालून दिली तर त्याच वेळी त्याला म्हणा, "बाबा रे, हिची संहिताही उतरवून दे." एका वेगळ्या डिस्कवर ती ठेवा. वर तारीख, आवृत्ती आणि घालणाऱ्याचे नाव लिहा. वर्षभराने मागू म्हणाल, तर ती आवृत्ती पुढे सरकलेली असेल आणि तो मुलगा बंगळूरला गेलेला असेल.

दुसरी. शाळेसाठी, ग्रामपंचायतीसाठी कोणी आज्ञावली तयार करून देत असेल, तर पैसे देण्यापूर्वी करारात लिहून घ्या की संहिता आणि बांधण्याची कृती आमच्या ताब्यात मिळेल. केंद्र सरकारने 2015 साली मुक्त संहितेच्या आज्ञावलींना शासकीय कामात प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे. त्याचा आधार घ्या.

तिसरी. आपला फोन हातात घ्या. सेटिंगमध्ये फोनविषयीची माहिती असते, तिच्यात कायदेशीर माहिती, आणि तिथे मुक्त परवान्यांची यादी. मुलांना ती उघडून दाखवा. आपण विकत घेतलेल्या वस्तूच्या गाभ्यावर आपला कोणता हक्क आहे, हा नागरिकशास्त्राचा फार चांगला धडा आहे. कंपनीला संहिता मागणारे पत्र लिहिणे हा मराठीच्या आणि इंग्रजीच्या पत्रलेखनाचाही धडा होईल. फोनची सगळीच संहिता मिळणार नाही. काही भाग कंपन्या झाकून ठेवतात, आणि त्यामुळे जुना फोन नव्याने बांधताना अडचण येते. तीही मुलांना कळू द्या.

चौथी गोष्ट ग्रंथालयांसाठी. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचे. ज्यांनी ती काढली त्यांनी उद्या कोण वाचील याची खात्री करून घेऊन पुस्तके जमवली नाहीत. पॅरिसमध्ये 2016 सालापासून सॉफ्टवेअर हेरिटेज ही संस्था जगभरच्या संहिता जमवून जपते आहे, आणि युनेस्कोचा तिला पाठिंबा आहे. आपल्याला जग जपायचे नाही. तालुक्यातल्या शाळांत जी प्रणाली चालते, तिच्या संहितेची एक डिस्क तालुक्याच्या ग्रंथालयात असावी, नोंदवहीत तिला दाखलअंक असावा, आणि दर वर्षी पुस्तकांची मोजदाद करताना ती डिस्क चालते की नाही हेही पाहावे. शक्य झाल्यास महाविद्यालयातल्या मुलांनी वर्षातून एकदा त्या डिस्कवरून प्रणाली खरोखर बांधून पाहावी. बी उगवते की नाही हे चार दाणे ओल्या फडक्यात बांधून आपण पाहतोच की!

शिक्षक बंधुभगिनींनो, याला फार खर्च नाही. एक डिस्क, एक चिठ्ठी आणि मागण्याची सवय, एवढेच भांडवल आहे. येत्या जून महिन्यात शाळा सुरू होतील, संगणकाची खोली उघडेल, कोणी तरी नवी प्रणाली घालायला येईल. त्या दिवशी त्याच्याकडे संहितेची मागणी करायला विसरू नका.